सुपरमार्केटमधले कर्मचारी आणि आपण: तुमचे अनुभव (ऐंशी रुपयांवरून निघालेला धागा)

वांगीपोहे | रविवार, रात्री १०:२०

आजच घडलंय. डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते.

घोडबंदर रोडवरचं एक मोठं सुपरमार्केट. नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. महिन्याचं सामान मी तिथेच भरते. बासमती तुकड्याची पाच किलोची पिशवी होती, खाली टॅगवर ३४९. घेतली. बिलात ४२९ लागले. सहा नंबरच्या काउंटरवरच्या मुलीला दाखवलं तर म्हणाली, "मॅडम, ऑफर काल संपली." मग टॅग का आहे अजून? "ते फ्लोअरवाले बघतात."

मागे दहा-पंधरा माणसं. त्यातले एक काका मला ऐकू जाईल एवढ्याच बेताने पुटपुटले, "ऐंशी रुपयांसाठी रांग अडवून ठेवलीये." झालं, मी पेटले. नवऱ्याला ट्रॉलीपाशी उभं केलं, परत आत गेले, टॅगचा फोटो काढून आणला, मोबाईल त्या मुलीच्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, मॅनेजरला बोलवा. आवाज चढला होता माझा, खोटं कशाला सांगू.

सुपरवायझर आला. गळ्यातलं कार्ड मशीनवर फिरवलं, ४२९ चे ३४९ केले, मला "सॉरी मॅडम" म्हणाला आणि तिच्याकडे वळून सगळ्यांदेखत: "हे तुझ्या पगारातून जाणार, कळलं ना?" ती काहीच बोलली नाही. मागच्या काकांची साबणवडी उचलून स्कॅन करायला लागली.

गाडीत नवरा म्हणाला, "तुझं बरोबरच होतं." होतंच. पण ती तांदळाची पिशवी अजून ओट्याखाली तशीच आहे, फोडावीशी वाटली नाही.

खरंच कापतात का हो पगारातून? कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुमचेही अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही. फक्त पुण्यातले दुकानदार हा विषय नको, त्यावर धागे पुष्कळ झालेत.


टवाळ_टिल्लू | रविवार, रात्री १०:३१

पुण्यातले दुकानदार टॅगच लावत नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. (पळतो.)

बाकी, पाच किलो तुकडा ३४९ ला? पत्ता द्या, उद्या सकाळी जातो.


भाकरतुकडा | रविवार, रात्री ११:०२

माझं दुखणं वेगळं आहे. बिल करताना पहिलं वाक्य "मोबाईल नंबर?" दोन केळी घेतली तरी मोबाईल नंबर.

आमच्या सासूबाईंनी यावर तोडगा काढलाय. त्या शांतपणे आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या जुन्या लँडलाइनचा नंबर सांगतात. मुलगा म्हणतो, आजी, आकडे कमी पडतायत. त्या म्हणतात, "अरे, आमच्याकडे एवढेच होते." तो बिचारा रांगेकडे बघतो, आजींकडे बघतो आणि स्वतःचाच काहीतरी नंबर घालून मोकळा होतो. आमच्या खरेदीचे पॉइंट कोणाच्या खात्यात जमतायत देव जाणे.


रोखठोक_१ | सोमवार, सकाळी ७:४८

धागाकर्तीचा हळवेपणा पटला नाही. टॅगवर एक भाव आणि बिलात दुसरा, याला साध्या मराठीत फसवणूक म्हणतात. ऐंशी रुपये तुमचे होते, तुम्ही घेतले. तिचा पगार कापायचा की नाही हा त्यांच्या घरातला मामला. शंभर गिऱ्हाइकांतली नव्वद बिल न बघता जातात आणि त्यांच्या ऐंशी-ऐंशीवर ही दुकानं चालतात. आपण अपराधी कशाला वाटून घ्यायचं?

मी गेली चार वर्षं प्रत्येक बिल दुकानाच्या दारातच उभा राहून तपासतो. बायको लांब जाऊन उभी राहते, तो भाग वेगळा.


ॲड_नव्हे | सोमवार, दुपारी १:१५

मी वकील नाही, पण ग्राहक मंचाच्या पायऱ्या दोनदा झिजवल्यात, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

रोखठोक यांचं निम्मं बरोबर आहे. २०१९ चा जो ग्राहक संरक्षण कायदा आहे (लागू झाला जुलै २०२० मध्ये), त्यात अनुचित व्यापारी प्रथांची मोठी यादी आहे. भावाबद्दल लोकांची दिशाभूल करणं त्यात स्पष्ट येतं. त्यामुळे "ऑफर काल संपली" हे उत्तर चालत नाही. टॅग लावून ठेवलाय तोवर गिऱ्हाइकाने त्यावर विश्वास ठेवला तर चूक त्याची नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर प्रकरण आणखी सरळ, ते वैधमापनवाल्यांकडे जातं. इथे ४२९ छापील किमतीच्या आतच असणार, म्हणून हा मामला दिशाभुलीचा.

भाकरतुकडा, नंबर देणं सक्तीचं नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना तसं कळवलं होतं. "नाही द्यायचा" म्हटलं की बिल होतं, मी रोज करतो. सासूबाईंची पद्धत जास्त रंजक आहे हे मान्य.

आणि ती "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी. सदोष माल निघाला तर ती पाटी कागदाच्या भावाची. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत परत घ्यावाच लागतो.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा. मी एकदा पिशवीचे जादा पैसे लावले म्हणून फोन केला होता. २०२० च्या डिसेंबरात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने असा निकाल दिलाय की आधी न सांगता, ऐन काउंटरवर पिशवीचे पैसे लावायचे नाहीत. तक्रार नोंदवली तेव्हा पुढे फार काही होईल असं वाटलं नव्हतं. आठवड्याभरात दुकानातून माझ्या फोनवर माफी आली. सात रुपयांची.

पगाराचं मात्र माहीत नाही. कोणी आतलं असेल तर सांगावं.


राईनकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:४०

इथे ड्युसेलडॉर्फला राहून नऊ वर्षं झाली. पहिल्या आठवड्यातला आल्डीतला प्रसंग सांगते.

आपल्याकडच्या सवयीने मी एकेक वस्तू पट्ट्यावर ठेवत होते, काउंटरवरची बाई ती बाणासारखी पलीकडे फेकत होती. दुधाचा खोका, बटाटे, अंडी, सगळं एका लयीत. मी तिथेच पिशवीत भरायला लागले. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, हसलीही नाही. मागच्या आजोबांनी बोटाने भिंतीकडच्या फळीकडे दाखवलं: सगळं परत ट्रॉलीत टाकायचं, पैसे द्यायचे आणि पिशवी तिथे जाऊन भरायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर वाटलं, किती तुसडे लोक.

आता उलटं वाटतं. ती बाई खुर्चीवर बसलेली असते. सगळ्याच बसतात इथे, काउंटरवर उभं राहून काम करायचं ही कल्पनाच नाही. स्कॅनर येण्याआधी तिथल्या बायकांना शेकडो वस्तूंचे आकडे पाठ असायचे, तो वेग तेव्हापासूनचा. शिवाय काउंटर रिकामं झालं की तीच उठून खोकी फोडते, माल लावते, पाणी सांडलं तर फडकंही तीच मारते. गोड बोलण्याचे पैसे तिला कोणी देत नाही, आणि आपणही मागत नाही. शेवटी एकदाच "शोनन टाक नॉख" म्हणते, म्हणजे दिवस चांगला जावो, तेही तुमच्यामागच्या माणसाचं दूध उचलता उचलता.

वॉलमार्ट १९९७ साली इथे आलं होतं. दारात उभं राहून हसणारे, पिशव्या भरून देणारे लोक आणले. जर्मन गिऱ्हाईक बिचकलं, हा माणूस माझ्याकडे बघून का हसतोय म्हणून. अर्थात नुसतं तेवढंच कारण नव्हतं, भावातही टिकले नाहीत. २००६ मध्ये गाशा गुंडाळला.

मागच्या वर्षी मुलुंडला आईकडे आले होते तेव्हा बिलिंगवरच्या मुलीकडे पाहून मी आईला विचारलं, "ही बसत का नाही?" आई म्हणाली, "बसली तर लोक काय म्हणतील?"


टवाळ_टिल्लू | सोमवार, संध्याकाळी ६:५५

राईनकाठ, प्रतिसाद आवडला. पण तिकडे तुकडा काय भाव?


राईनकाठ | सोमवार, संध्याकाळी ७:०१

तुकडा मिळत नाही. अख्खा मिळतो, तो आपणच तुटेपर्यंत शिजवायचा.


जुनाजाणता | सोमवार, रात्री ९:१०

आमचं लहानपण नायगावचं. वडील गिरणीत. १९४८ साली नायगावात अपना बाजार सुरू झालं, ते गिरणगावातल्या लोकांनी, स्वतःच्या भागभांडवलावर. माझी आठवण अर्थात त्यानंतरची. आईचा हात धरून जायचो. काउंटरवरचे गृहस्थ आमच्याच शेजारच्या चाळीतले. "वहिनी, तूर आज नका घेऊ, बुधवारी चांगली येतेय," असं ते सांगायचे. आता कोणाला हे खरं वाटणार नाही, पण दुकान आईच्याही मालकीचं होतं, दहा रुपयांपुरतं का होईना. त्यामुळे ती तिथे गिऱ्हाइकासारखी वागायचीच नाही. शेंगदाण्यात खडे निघाले तर हक्काने ओरडायची आणि गर्दी असली तर पलीकडे उभी राहून पुड्यांना दोराही बांधून द्यायची.

सगळं सोन्याचं होतं असं नाही. रेशनच्या दुकानात त्याच काळात जी वागणूक मिळायची ती आठवली की अजून कान गरम होतात. "साखर संपली" हे वाक्य फळा पुसायच्या आधीच कानावर पडायचं.

पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. त्यात तर कर्मचारी नावाचं माणूसच नाही म्हटलं तरी चालेल. आमच्या गल्लीतल्या बारा-पंधरा घरांचा संघ. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल एका घरी येणार, तिथे बायका जमून वाटप करणार. आमच्या घरी वाटप असलं की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. एकदा अर्धा किलो रवा कमी भरला. अर्धा तास हिशेब चालला. शेवटी सापडला, आमच्या धाकट्याने त्याचा किल्ला केला होता.

भांडायचं तर कोणाशी? समोर आपणच.


साकोलीकर | मंगळवार, सकाळी ६:३०

माझा अनुभव नागपूरचा आहे. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

बाबा गावावरून आले होते, डोळ्याच्या तपासणीसाठी. भंडारा जिल्ह्यातले धानाचे शेतकरी आमी, हयात बांधीत गेली त्यायची. धोतर, सदरा, खांद्यावर दुपट्टा. मी म्हटलं चला बाबा, मोठं दुकान दाखवतो. आत गेल्यापासून सिक्युरिटीवाला दहा फुटांवरून मागे मागे. मला समजलं, बाबाला नाही समजलं. किंवा समजलं असंल, बोलले नाही.

सुट्या तांदळाचे मोठे डबे होते तिथे. बाबानं ओंजळभर तांदूळ घेतला, नाकाजवळ नेला, दोन दाणे तोंडात टाकले. सिक्युरिटीवाला धावतच आला, "ओ काका, हात नाय लावायचा." मोठ्यानं. चार लोकायनं वळून पाह्यलं. बाबा म्हणाले, "हुंगल्याशिवाय तांदूळ कसा घेतेत बाप्पा? काहून, तुमी नाही हुंगत?"

माझी मान खाली. तेवढ्यात डाळीच्या बाजूला खोकी फोडत असलेला एक पोरगा उठून आला, विशीतला असंल. सिक्युरिटीवाल्याला म्हणाला, "भाऊ, मी पाहतो." मग बाबाला: "चिन्नोर हाये लिहिलं, पण नाही ना वाटत, आजोबा?" बाबा म्हणाले, "वास कुठं हाये बे याले? चिन्नोर शिजला त शेजाऱ्याले समजते." पोरगा हसला. लाखांदूरकडचा निघाला, त्याचेही घरी धान. पंधरा मिनिटं दोघं तिथेच उभे. कोणतं वाण टाकलं, पाणी किती, तुडतुडा आला का. काही घेतलं नाही आमी. जाताना बाबानं त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली, त्यानं परत केली, मग बाबानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सिक्युरिटीवाल्याचा राग मला अजून आहे. पण घरी आल्यावर बाबाच म्हणाले, त्याले तसं शिकवलं असंल.


भाकरतुकडा | मंगळवार, सकाळी ९:१२

साकोलीकर, सकाळी सकाळी रडवलंत.


फणसाचे_गरे | मंगळवार, सकाळी ११:३०

आम्ही फोंड्याचे. आमच्याकडे सगळा कारभार गोवा बागायतदारच्या बाजारात. सुपारी, नारळ तिथेच घालायचा आणि घरचं सामानही तिथूनच न्यायचं, त्यामुळे जाणंयेणं सारखंच. तिथली एक बाई माझ्या सासूला ओळखते, मला नाही, पण सून म्हणून हक्क गाजवते. मागच्या चतुर्थीच्या आधी मी माडाचं गोड, म्हणजे नारळाचा गूळ, घेत होते. तिने पुडा हातातून काढून घेतला. "बाय, हें व्हरूं नाका, फाल्यां नवें येतलें." मी म्हटलं, मला आजच नेवऱ्या करायच्या आहेत. ती म्हणाली, "मगीर फाल्यां करात." आणि पुडा परत ठेवला!

दुसऱ्या दिवशी गेले. नवीन आलं होतं. नेवऱ्या एक दिवस उशिरा झाल्या, सासू म्हणाली, तिचं बरोबर होतं.


माजी_फ्लोअर | मंगळवार, रात्री ११:५०

नमस्कार. खूप वर्षं फक्त वाचतो, आज या धाग्यासाठी लिहितोय. नवी मुंबई आणि ठाणे धरून सहा वर्षं सुपरमार्केटमध्ये काढली. आधी माल लावणारा, मग फ्लोअर सुपरवायझर. म्हणजे धाग्यातला तो कार्डवाला माणूस मीच, असं समजा.

टॅगचं आधी सांगतो. भाव मुख्यालयातून बदलतो, रात्रीत सिस्टिममध्ये आपोआप चढतो. टॅग आपोआप बदलत नाही. तो छापायचा, कापायचा, रॅकवर जाऊन जुना काढून नवा सरकवायचा. ऑफर संपते त्या रात्री आठशे-हजार टॅग असायचे आणि आम्ही तिघं. त्यातला एक सुट्टीवर. सकाळी दुकान उघडेपर्यंत जेवढे होतील तेवढे. तांदूळ, तेल, साखर आधी करायचो कारण भांडणं तिथेच होतात. तुमच्या दुकानात तांदळाचाच राहिला म्हणजे त्या दिवशी माणसं अजूनच कमी असणार. म्हणून ऑफर संपल्यानंतरचा पहिला दिवस आणि महिन्याची पहिली तारीख, या दिवशी बिल जपून बघा. टॅगवर बारीक अक्षरात तारीख असते, ती बघा. आणि पाकिटावर हल्ली ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात तेही छापलेलं असतं. "जादा २०% मोफत" पेक्षा तो आकडा खरा.

काउंटरवरच्या मुलीच्या हातात यातलं काहीही नसतं. स्कॅन झालेली वस्तू काढायची तरी कार्ड लागतं, म्हणून ती "सर, सर" करत मान उंच करून बघत असते. तो सर त्या वेळी बहुतेक गोडाऊनमध्ये ट्रक उतरवत असतो.

पगारातून कापतात का? टॅगच्या चुकीचे नाही. मी तरी कधी कापलेले पाहिले नाहीत, ते दुकानाच्या खात्यात जातात. तो सुपरवायझर तुम्हाला ऐकवण्यासाठी बोलला. मीही असं बोललोय, कबूल करतो. गिऱ्हाईक तापलेलं असलं की कोणालातरी झापून दाखवलं की शांत होतं, ही आमची युक्ती. पण गल्ल्यात कमी भरले, त्याला आम्ही शॉर्ट म्हणतो, ते मात्र बऱ्याच ठिकाणी काउंटरवाल्याने भरायचे असतात. रात्री साडेदहाला नोटा मोजताना रडणाऱ्या मुली पाहिल्यात मी.

अजून एक. ती "मॅडम, हा शॅम्पू बघा ना" म्हणत मागे लागणारी मुलगी दुकानाची नसते. ती त्या कंपनीच्या एजन्सीची. तिला दिवसाला एवढ्या बाटल्या असा आकडा असतो. दुकानवाले तिला आपली मानत नाहीत, गिऱ्हाईक तिला टाळतं. तिच्यावर वैतागू नका, "नको" म्हटलं की पुढे जाते.

आणि आता आमची तक्रार. घ्यायचं नसेल तर वस्तू जागेवर ठेवा हो. रोज रात्री दोन-तीन ट्रॉल्या फिरत्या मालाच्या निघतात. बिस्किटांच्या मागे पनीर, चादरींमध्ये कोथिंबीर. एकदा आइस्क्रीमचा फॅमिली पॅक कपडे धुण्याच्या पावडरीमागे सापडला, वितळून खालच्या तीन रांगा गेल्या. ते पनीर परत फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, किती वेळ बाहेर होतं कोणाला माहीत? फेकतो.

राईनकाठ यांनी बसण्याचं लिहिलं. आमच्याकडे स्टूल नव्हतं. मुली बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा पायाखाली घेतात, लादी टणक असते, संध्याकाळी टाचा पेटतात. व्हिजिटला साहेब येणार असले की पुठ्ठे उचलायला लावायचे, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. ते उचलायला मीच सांगायचो.


ॲड_नव्हे | बुधवार, सकाळी ८:०५

माजी_फ्लोअर, लिहीत राहा. या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

एक भर. गल्ल्यातली तूट पगारातून कापायची झाली तरी ती त्या माणसाच्या हयगयीमुळे झालीये हे ठरावं लागतं आणि आधी त्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं. रात्री साडेदहाला "भर आणि जा" हे त्यात बसत नाही. आपल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग काही तास काम झालं की अर्ध्या तासाची सुट्टीही आहे. कागदावर.

बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात घातला. केरळात तो वरून आलेला नाही. कोझिकोडच्या मिठाई थेरुवमधल्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायका आधी संडाससाठी भांडल्या, मग बसण्यासाठी.


रोखठोक_१ | बुधवार, सकाळी ८:४०

माझा मुद्दा तोच आहे. टॅग बदलायला तीनच माणसं ठेवली ती कोणी? त्यात पैसे वाचले ते कोणाचे? मग त्याचा भुर्दंड मी का भरू? भांडायलाच हवं.


माजी_फ्लोअर | बुधवार, रात्री ११:२०

भांडा. शंभर टक्के भांडा. उलट कोणी भांडलं तर आम्हाला वर सांगता यायचं की माणसं द्या. फक्त काउंटरवर नका भांडू. तिथून पुढे काही जात नाही. कस्टमर डेस्कवर वही असते, त्यात लिहा, तारीख घाला, टॅगचा फोटो ईमेलने पाठवा. ईमेलला वरून उत्तर मागतात, आरडाओरड्याला मागत नाहीत.


रोखठोक_१ | गुरुवार, सकाळी ७:५०

हे मान्य. वहीचं माहीत नव्हतं.


भाकरतुकडा | गुरुवार, सकाळी ८:१०

धाग्यावर रोखठोक यांनी "मान्य" म्हटलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवते.


वांगीपोहे | रविवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. आज परत गेले होते, त्याचं लिहिते.

सहा नंबरवर ती नव्हती. भाजीच्या वजनकाट्यावर होती. मी आधी खाली बघितलं. पुठ्ठा होता, कुठल्याशा ग्लुकोज बिस्किटांचा, कडा झिजून गोल झालेल्या. मी तिथे दर महिन्याला जाते आणि तो मला आजवर दिसला नव्हता.

तिने मला ओळखलं. मी विचारलं, "त्या दिवशीचे ऐंशी खरंच कापले का गं?" ती हसली. "नाही ओ मॅडम, सर असंच बोलतात." मला हायसं वाटलं. मग बटाटे काट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "पण त्या दिवशी दोनशे शॉर्ट आले माझे. तुमचं चाललं होतं ना, त्यात मागच्या काकांना सुट्टे देताना जास्त गेले वाटतं."

मी पर्स उघडली. तिने नाही घेतले. कॅमेरा आहे वरती, म्हणाली, गिऱ्हाइकाकडून पैसे घेतलेले दिसले तर नोकरीच जाईल. मला दुसरं काही सुचेना, तशीच उभी राहिले. मागे माणूस आला तशी तिने माझी पिशवी पुढे सरकवली. मी घेतलेली मेथीची जुडी तिने काढून बाजूला ठेवली आणि खालच्या क्रेटमधली दुसरी घातली. "ही कोवळी आहे."


राईनकाठ | रविवार, रात्री ९:३०

म्हणजे ते पुटपुटणारे काकाच दोनशे घेऊन गेले?


वांगीपोहे | रविवार, रात्री ९:३३

हो. आणि बहुतेक त्यांनाही ते माहीत नसेल.


टवाळ_टिल्लू | रविवार, रात्री ९:४०

मेथी काय भाव मिळाली?


वांगीपोहे | रविवार, रात्री ९:४४

टॅगवर १९, बिलात २२. काउंटरवर काही बोलले नाही. डेस्कवर गेले, वही मागितली. त्यांना शोधायलाच दहा मिनिटं लागली. पहिलं पान कोरं होतं.


माजी_फ्लोअर | रविवार, रात्री ११:४५

टॅग बदलला का?


वांगीपोहे | सोमवार, सकाळी ७:१०

मी असेपर्यंत तरी नाही.